शाळेत सहकाऱ्याकडून लैंगिक छळ झाला तर: तक्रार कशी करावी, समितीने ती कशी चालवावी

'आपलं सगळं कुटुंबासारखं आहे, बाहेर कशाला न्यायचं?' 'सरांनी गंमत केली असेल.' 'संस्थेचं नाव जाईल, पुढच्या वर्षी पट कमी होईल.' छळाविषयी पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या शिक्षिकेला स्टाफरूममध्ये ही वाक्ये ऐकावी लागतात, आणि बोलणाऱ्यांत जवळच्या मैत्रिणीही असतात. त्या दडपणात दोन-तीन महिने निघून जातात आणि मग मुदतच संपते. अशी तक्रार बुडते ती अनेकदा चुकलेल्या तारखेमुळे, चुकीच्या समितीकडे दिल्यामुळे किंवा पोच न घेतल्यामुळे. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

कशाला लैंगिक छळ म्हणायचे

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या जागी तो आला, म्हणून शाळांत अजूनही 'विशाखा समिती' असेच म्हणतात. कायद्यात पाच प्रकार आहेत: अंगाला हात लावणे किंवा लगट करणे, शरीरसुखाची मागणी वा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे-व्हिडिओ दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाची इतर कोणतीही नकोशी कृती, शब्द वा हावभाव. 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत' हा बचाव फार वेळा पुढे केला जातो. ज्याच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल आहे त्याच्यासमोर गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

मुख्याध्यापक सगळ्यांवर ओरडतात, एखादा सहकारी मस्टरवर खोट्या सह्या करतो, दुसरा वर्गच घेत नाही, हे व्यावसायिक गैरवर्तन झाले. त्याची चौकशी सेवानियमांनुसार होते, या समितीकडे नाही. पण वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव अडवून 'रविवारी एकट्या भेटा, मग पाहू' असे म्हटले, किंवा नकार दिल्यावर अचानक 'तुम्ही अतिरिक्त ठराल', म्हणजे शाळेत तुमची जागाच उरणार नाही, अशी धमकी आली, तर तो लैंगिक छळच आहे. फायद्याचे आमिष, नुकसानीची भीती, नोकरीच्या भवितव्याची धमकी, काम करणे अशक्य होईल असे वातावरण आणि आरोग्यावर वा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक या परिस्थितींचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख आहे. तक्रारीत तो दुवा स्पष्ट लिहा: नकार कोणत्या तारखेला दिला आणि प्रस्ताव कोणत्या तारखेला परत आला.

शाळेची इमारत म्हणजेच कामाचे ठिकाण असे नाही. सहल, क्रीडा स्पर्धा, प्रशिक्षणाचे ठिकाण, शाळेने दिलेले वाहन हे सगळे त्यात येते. कर्मचारी म्हणजेही फक्त कायम शिक्षिका नव्हे. शिक्षणसेविका, घड्याळी तासिकेवरच्या शिक्षिका, ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई कामगार, बसमधल्या मदतनीस, बी.एड.च्या सरावासाठी आलेल्या मुली, या सगळ्यांना तोच हक्क आहे. सर्वांत जास्त सोसावे लागते ते यांनाच, आणि आपल्याला तक्रार करता येते हे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

त्याच दिवशी एका वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, कोणती तासिका चालू होती, आजूबाजूला कोण होते, नेमके काय झाले, आणि लगेच नंतर तुम्ही कोणाला सांगितले. ज्या मैत्रिणीला त्याच दिवशी सांगितले ती महत्त्वाची साक्षीदार असते, तिने घटना डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी.

व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी चॅट जपून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फक्त जतन केलेले नाव दिसत असेल तर त्याचा उपयोग कमी होतो. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आधी ती पाहा. मूळ फोन विकू नका, त्याची सेटिंग कोरी करू नका. प्रकरण पुढे पोलिसांकडे किंवा न्यायालयात गेले तर मूळ साधनाची गरज पडते.

सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून 'अमुक तारखेचे, अमुक वेळेचे, अमुक कॅमेऱ्याचे चित्रण जतन करावे' असा एक ओळीचा अर्ज लगेच द्या. कारण सांगण्याची गरज नाही. चित्रण मिळाले नाही तरी आपण वेळेत मागितले होते हे कागदावर राहते. मस्टर, वेळापत्रक, बदली तासिकेची नोंद यांचे फोटोही काढून ठेवा. 'मी त्या वेळी वर्गात होतो' या उत्तराचा खरेखोटेपणा तिथेच ठरतो.

तक्रार कोणाकडे

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. एका संस्थेच्या पाच गावांत पाच शाळा असतील तर मुख्य कार्यालयातली एकच समिती पुरत नाही. समिती स्थापन केली नाही तर नियोक्त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. संस्थेचे अध्यक्ष वा सचिव यांच्याविरुद्धची तक्रार त्यांनीच नेमलेल्या समितीकडे देऊ नका. शाळेचा सगळा कारभार मुख्याध्यापकांच्या हाती असेल तर कायद्याच्या व्याख्येत तेही नियोक्ता ठरू शकतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्धही स्थानिक समिती हाच सुरक्षित मार्ग. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे शक्य नसेल तर तालुक्यातल्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि त्यांनी ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते.

सखी सावित्री समितीकडे ही तक्रार देऊन थांबू नका. ती विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, कर्मचाऱ्यांच्या छळाची चौकशी करण्याचा अधिकार तिला नाही.

मुदत

घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचे कारण पटले तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. उन्हाळ्याची सुट्टी या मुदतीतून वजा होत नाही. मार्चच्या शेवटी घडलेल्या प्रकाराची तक्रार 'शाळा उघडल्यावर जूनमध्ये करू' म्हणून ठेवली की हातात जेमतेम काही दिवस उरतात. सुट्टीतही समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे समितीच्या प्रमुख बाईंना, रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने तक्रार पाठवता येते. तुम्ही आजारी वा मानसिकदृष्ट्या खचलेल्या असाल तर तेच उशिराचे कारण म्हणून लिहा, डॉक्टरांचा कागद जोडा.

तक्रार लिहिताना

'ते नेहमी वाईट नजरेने बघतात आणि अश्लील बोलतात' अशा वाक्यावर चौकशी उभी राहत नाही. असे लिहा:

'दि. ८ जुलै रोजी दुपारी सुमारे १२.४० वाजता, पाचवी तासिका संपल्यावर मी प्रयोगशाळेत साहित्य ठेवत होते. श्री. … आत आले, त्यांनी दार लोटून घेतले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "…" असे म्हणाले. मी हात झटकून बाहेर आले. लगेच स्टाफरूममध्ये श्रीमती … यांना हे सांगितले.'

उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. शिक्षिकांना ते लिहायची लाज वाटते आणि त्या 'असभ्य भाषा' एवढेच लिहितात. मग समोरचा म्हणतो, 'मी फक्त साडीचं कौतुक केलं.' लाज त्या शब्दांची तुम्हाला वाटायचे कारण नाही, ते तुमचे नाहीत.

प्रत्येक घटनेला वेगळा क्रमांक द्या. शेवटी साक्षीदारांची नावे-पत्ते, जोडलेल्या कागदांची यादी, आणि काय हवे आहे ते. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. सातव्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. बंद पाकिटावर 'गोपनीय' लिहून ते थेट पीठासीन अधिकाऱ्यांच्या हाती द्या. क्लार्कच्या टेबलावर उघडा कागद ठेवला की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळते. स्वतः लिहिणे जमत नसेल तर लिहायला मदत करणे हे पीठासीन अधिकाऱ्यांचे कायदेशीर काम आहे. सफाई कामगार ताईंना 'आधी लिहून आणा' म्हणून परत पाठवणे बेकायदा आहे.

चौकशी चालू असताना संरक्षण

हे आपोआप मिळत नाही, लेखी मागावे लागते, म्हणून तक्रारीसोबतच अर्ज द्या. दोघांपैकी एकाची बदली, हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये असा आदेश या मागण्या करता येतात. बदली मागताना 'त्यांची बदली करावी' असे स्पष्ट लिहा. 'आमच्यापैकी कोणाचीही' असे लिहिले की गैरसोयीच्या शाळेत जावे लागते ते बहुधा बाईंनाच.

समितीच्या सदस्यांसाठी

पीठासीन अधिकारी वरिष्ठ पदावरील महिला असावी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरचा सदस्य स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला, आणि एकूण निम्म्या तरी महिला. संस्थेचा वकील किंवा सचिवांच्या नात्यातले कोणी 'बाहेरचा सदस्य' म्हणून बसवले की पुढे सगळी चौकशी धोक्यात येते. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. फलकावरच्या नावांतल्या बाई निवृत्त झाल्या आहेत का, एवढे आजच पाहून घ्या.

तक्रार आल्यावर सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला द्या. उत्तरासाठी त्याला दहा कामाचे दिवस मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रत्येक बैठकीला पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हवेत. कोणत्याही बाजूने वकील आणता येत नाही. तडजोड फक्त तक्रारदार बाईंनी स्वतः मागितली तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. 'दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाका' असा मुख्याध्यापकांचा निरोप आला तरी समितीने तो ऐकायचा नसतो.

चौकशी उलटते ती दोन टोकांना. एक, समोरच्याला जबाबांच्या प्रती दिल्या नाहीत, त्याचे साक्षीदार तपासले नाहीत. मग खरा दोषीही न्यायालयात सुटतो. त्याला उलट प्रश्न विचारायचे असतील तर ते लेखी घेऊन समितीने विचारावेत, म्हणजे बाईंना त्याच्या तोंडाला तोंड द्यावे लागत नाही. दोन, बाईंच्या कपड्यांवर, घरच्या परिस्थितीवर, पूर्वीच्या मैत्रीवर प्रश्न. ते विचारू नका आणि विचारू देऊ नका. प्रत्येक जबाबाच्या प्रत्येक पानावर सही घ्या. निष्कर्षासाठी फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा लागत नाही. सगळे पाहता घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे का, हे तपासायचे, आणि तसे का वाटले ते अहवालात कारणांसह लिहायचे. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. द्वेषबुद्धी वेगळी चौकशी करूनच ठरवावी लागते.

नाव, मजकूर, जबाब काहीही शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पालकसभेत वा पत्रकाराकडे जाता कामा नये. गुप्तता मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे.

पोलीस, आणि विद्यार्थिनींचे प्रकरण

समितीकडे गेले म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असे नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकते, आणि गुन्हा नोंदवायला मदत करणे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५ मध्ये आणि पाठलाग कलम ७८ मध्ये येतो. पुरुष कर्मचाऱ्याचा छळ झाला तर २०१३ चा कायदा लागू होत नाही. त्याने सेवानियमांखाली गैरवर्तनाची तक्रार द्यावी.

अठरा वर्षांखालील मुलगा वा मुलगी असेल तर समितीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. पोक्सो कायदा, २०१२ नुसार माहिती मिळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आपण खात्री करून घेऊ' म्हणून मुलाला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा विचारू नका. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८.

अहवालानंतर

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल नियोक्त्याकडे जातो आणि दोन्ही बाजूंना मिळतो. आला नाही तर लेखी मागा. नियोक्त्याने ६० दिवसांत कारवाई करायची असते: लेखी माफी, ताकीद, वेतनवाढ वा पदोन्नती रोखणे, सेवासमाप्ती, पगारातून नुकसानभरपाई. अहवाल कपाटात पडून राहिला तर एकसष्टाव्या दिवशी 'केलेल्या कारवाईच्या आदेशाची प्रत मिळावी' असा अर्ज द्या आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी व जिल्हा अधिकारी यांना पाठवा. शिफारशी मान्य नसतील तर त्यांच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते, आणि ही मुदत नियोक्त्याच्या ६० दिवसांची वाट पाहत थांबत नाही. म्हणून अहवाल हाती येताच दोन्ही तारखा त्याच वहीत लिहून ठेवा.