येमांजाची टोपली, समुद्राला पचेल अशी

२ फेब्रुवारीला ब्राझीलमधल्या साल्वादोरच्या रिओ वेर्मेल्यो किनाऱ्यावर येमांजाला, म्हणजे समुद्राच्या देवीला, भेट द्यायची, तर आधी एक ठरवा: टोपलीत जाईल ते कुजणारंच हवं. ही देवी नटवी, म्हणून लोक आरसे, कंगवे, अत्तराच्या बाटल्या आणतात आणि नंतर त्यातलं किती तरी वाळूत येऊन पडतं. मी शेजारणींना टोपल्या करून देते, पण काच-प्लॅस्टिक दिसलं की सरळ नाही म्हणते.

साओ जोआकिमच्या बाजारातून वेताची किंवा वेलीची, बिनवार्निशची टोपली घ्या. आत केळीचं पान, वर पांढरं सुती कापड. साटीनची रिबीन बहुधा पॉलिस्टर असते. त्यापेक्षा जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून बांधा. फुलं खोचायचा तो हिरवा स्पंजही प्लॅस्टिकच. देठ टोपलीच्या विणीतच अडकवा. विकतच्या फुलांच्या देठांना तार गुंडाळलेली असेल तर सोडवून काढा.

आता खरी मजा आबेबेची. हा देवीच्या हातातला गोल पंखा, एरवी चंदेरी पत्र्याचा, मधोमध आरसा असलेला. टोपलीसाठी मी तो नारळाच्या पातीचा करते. कोकणात झाप विणलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही. ओल्या झावळीच्या पाती सोलून हीर वेगळे काढा. पाती तासभर सावलीत ठेवा, म्हणजे मऊ पडतात आणि चिरत नाहीत. आठ उभ्या, आठ आडव्या, एक वर एक खाली अशा घट्ट विणा. वर बशी पालथी घालून पेन्सिलीने गोल आखा आणि त्या रेषेवरून सुती दोऱ्याने दोनदा टाके घाला. कात्री त्यानंतरच, टाक्यांच्या बाहेरून. आधी कापलंत तर वीण हातात सुटून येईल. हिरांची जुडी बांधली की दांडा तयार. आरशाच्या जागी किनाऱ्यावरचा आपसूक भोक पडलेला शिंपला ओवा.

देवीच्या नावाची माळ मात्र हौसेने ओवून गळ्यात घालू नका. पारदर्शक, पांढऱ्या, फिक्या निळ्या मण्यांची ती माळ कांदोम्ब्लेच्या, म्हणजे येमांजाला पुजणाऱ्या आफ्रो-ब्राझिलियन धर्माच्या, पूजाघरात वनस्पतींच्या पाण्याने धुऊन, विधी करून मिळते. ते काम त्या घरच्या मुख्य पुजारणीचं, जिला आई म्हणतात.

पांढरी फुलं त्याच दिवशी सकाळी लावा. इथला फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. लव्हेंडरचं पाणी, ज्याला इथे अल्फाझेमा म्हणतात, चार थेंब शिंपडा आणि बाटली घरी न्या. मागणं साध्या कागदावर पेन्सिलीने लिहा.

मग कोळ्यांच्या वसाहतीशी, येमांजाचं घर म्हणतात त्या छोट्या देवळाजवळ, रांग लावा. तिथे कोळी भेटी मोठ्या टोपल्यांत रचतात आणि दुपारनंतर होड्या भर समुद्रात नेतात. रांगेचा कंटाळा आला म्हणून खडकावरून भिरकावू नका. लाट परत आणते, आणि परत आलेली भेट देवीने नाकारली असं इथे मानतात. मग शेजारणी दिवसभर विचारत बसतात, काय मागितलं होतंस म्हणून.