जागेवाल्याची राखण: यंदा पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी

काका थकले, तेव्हापासून आमच्या घरची राखण, म्हणजे जागा राखणाऱ्या जागेवाल्याला दरवर्षी द्यायचा कोंबड्याचा मान, माझ्याकडे आली. मी राहतो डोंबिवलीला, जागेवाला राहतो कुडाळ तालुक्यात, आमच्या बागेच्या खालच्या अंगाला, किंजळीच्या बुंध्याशी. काही घरांत त्याला देवचार म्हणतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री शिवेवरनं फिरतो. गोव्यातल्या ख्रिश्चनांच्या कोंकणीत देवचार म्हणजे थेट सैतान. हिंदू घरांत तोच राखणदार, त्याला सोरो-रोट, म्हणजे दारू आणि भाकर, ठेवतात. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे. तो देव नाही. त्याच्याशी भक्ती नसते, बोली असते. तू राख, आम्ही देतो.

आणि बोलीचा पहिला नियम काकांनी मला सांगितला तो असा: ठरलंय त्यापेक्षा एक सुपारीसुद्धा जास्त ठेवायची नाही. एकदा वाढवलं की ते कायमचं, तुमच्यानंतर पोरांनाही द्यावं लागतं. आरवलीच्या ग्रामदेवाला, वेतोबाला, केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, ते बघून आमच्या एका भावाला आपणही वहाणा द्याव्यात असं वाटलं होतं. काकांनी त्याला उभा झाडला.

राखण मिरगाच्या आधी, म्हणजे 7 जूनच्या आत. चाकरमानी मे महिन्यात गावी असतात, म्हणून आम्ही शेवटचा रविवार धरतो, नाहीतर बुधवार. सोमवार, एकादशी, संकष्टी टाळा. त्या दिवशी कोंबडा कापलात तर जागेवाला राहिला बाजूला, घरातल्या बायकाच तुम्हाला उभं करणार नाहीत.

कोंबडा गावठीच हवा, तुरेवाला, धडधाकट. पहिल्या वर्षी मला वेळ नव्हता, मी येताना बाजारातून पांढरा फेक एक उचलून आणला. काकांनी त्याला उलटसुलट करून बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्यो आरवता तरी काय रे?" मग भर उन्हात तीन वाड्या फिरलो. आता एप्रिलातच फोन करून सांगून ठेवतो. बाकी सामान किरकोळ: एक नारळ, पाच विडे, अगरबत्ती, कापूर, ओढायच्या बिड्यांचं एक बंडल, काडेपेटी, काजूच्या दारूची अर्धी बाटली, केळीची पानं. सात माणसांना दोन किलो तांदूळ पुरतात. पाणी घरून न्या, खाली झरा मे महिन्यात आटलेला असतो.

जागा आधी झाडून घ्या. जागेवाल्याच्या दगडावर पाणी, अगरबत्ती, मग पानावर विडे आणि नारळ. कोंबड्याचे पाय धुऊन त्याच्यापुढे तांदूळ टाकायचे. त्याने टिपले की राखण मानली. घाई करू नका. एकदा आम्ही पाऊण तास बसलो होतो आणि सगळे दगडाकडे सोडून घड्याळाकडे बघत होते.

मग गाऱ्हाणं, म्हणजे जागेवाल्यापुढे मोठ्यानं घालायचं मागणं. गाऱ्हाणं घालणारा घाडी मिळाला तर उत्तम, नाही तर घरातल्या वडीलधाऱ्याने घालावं. मोबाईलवर बघून वाचू नका, चुकलं तरी तोंडानं बोला. आमचं असं आहे:

"बा देवा जागेवाल्या म्हाराजा, वर्साप्रमाणे ही राखण आज तुझ्या पायाकडे ठेवलेली असा, ती मान्य करून घे. ह्या घराक, गोठ्याक, बागेक, मुंबैक गेलेल्या पोरांक तुझी राखण असू दे. कोणाची वाकडी नजर, इडा-पिडा असात ती बारा वाटेन घालव. काय चूक-भूल झाली असात ती पोटात घाल आणि सगळ्यांचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मोठ्यानं. पुटपुटलात तर काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

यात शेजाऱ्याचं नाव घालू नका. बांधाचा वाद असला तरी नाही. त्याच्यावर घाल म्हणून सांगितलंत की ती राखण राहत नाही, करणी होते, आणि करणीचं देणं कधी फिटत नाही. घरात कोणी आजारी असेल तर आधी डॉक्टर. भूत उतरवतो म्हणून पैसे मागणारा आणि माणसाला मारझोड करणारा कुणी भेटलाच तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत जा. आमच्या काकांनी आयुष्यभर राखण दिली आणि मधुमेहाची गोळी एक दिवस चुकवली नाही.

स्वयंपाक तिथेच, पुरुषांनीच. तीन दगडांची चूल, घरचा मसाला. पहिली वाडी, म्हणजे पानावर वाढलेला नैवेद्य, जागेवाल्याची: भात, सागोती म्हणजे कोंबड्याचा रस्सा, भाजलेल्या काळजाचा तुकडा. ती ठेवेपर्यंत काहीही चाखायचं नाही, मीठसुद्धा. मीठ अंदाजानं घालायचं आणि कोणी घातलं ते मोठ्यानं सांगायचं. 2022 साली दोघांनी गुपचूप घातलं. सागोती तोंडात धरवेना, पण टाकायचीही नाही, म्हणून ताकाचा हंडा घरून मागवला. वाडीजवळ दोन बिड्या पेटवून ठेवायच्या, दारू दगडाच्या कडेनं ओतायची, दगडावर नाही.

उरलेलं घरी आणायचं नाही. मी एकदा रस्सा डब्यात भरून घेतला होता, बायकोला आवडतो म्हणून. काकांनी पायवाटेवर डबा उघडायला लावला आणि तिथेच बसून मला संपवायला लावला.

वाढवायचं नाही म्हटलं ना, त्याचं एक. चुलतभावाला दुबईची नोकरी लागली, तेव्हा आनंदाच्या भरात त्याने काजूच्या दारूशेजारी एक इंग्लिश क्वार्टर ठेवली आणि गाऱ्हाण्यात बोलूनही टाकली. काका तेव्हा काहीच बोलले नाहीत. यंदा तो सुट्टी मिळाली नाही म्हणून आला नाही. क्वार्टर मी आणली.