सांगून हसणं आणि आपोआप हसणं: पक्षाघातानंतर चेहरा कसा पाहावा

तोंड अचानक वाकडं झालं, हातातला जोर गेला किंवा जीभ जड झाली, तर घरी काही तपासत बसू नका. 108 ला फोन करा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. संध्याकाळच्या हायवेवर त्यातला तासभर सहज जातो. पुढचं सगळं रुग्णालयातून घरी आल्यानंतरचं.

हसण्याच्या वाटा मेंदूत दोन आहेत. ‘दात दाखवा’ म्हटल्यावर होणारी हालचाल एका वाटेने येते, नातवाला पाहून उमटणारं हसू दुसऱ्या. पक्षाघाताचा झटका एक वाट तोडून दुसरी शाबूत ठेवू शकतो.

हे पाहायचं तर रुग्णाला खिडकीकडे तोंड करून बसवा, म्हणजे चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड येतो. मोबाइल दोन फुटांवर टेकवून व्हिडिओ सुरू करा. आधी म्हणा, ‘बाबा, भुवया वर करा.’ मग, ‘दात दाखवा बघू.’ व्हिडिओ चालूच ठेवा आणि गप्पा मारा, नातवंडाला समोर येऊ द्या. नंतर नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी दोन्ही वेळा कशी दिसते ते ताडून पाहा. सांगितल्यावर एक कोपरा लोंबकळतो, पण खळखळून हसताना दोन्ही उचलतात, असं दिसलं तर हालचालीचा हुकूम देणारा मेंदूचा भाग किंवा तिथून निघणारे तंतू दुखावलेले असतात. उलटंही घडतं: सांगितलं की तोंड सरळ, खरं हसू आलं की एक बाजू मागे राहते. यात थॅलॅमस (मेंदूच्या खोल मध्यभागातलं केंद्र) किंवा पुढच्या मेंदूची आतली बाजू दुखावलेली असू शकते. घरच्यांना हे नाटक वाटतं. ते नाटक नसतं. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

भुवया बहुतेकदा दोन्ही उचलल्या जातात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांतून आज्ञा मिळते. कपाळासकट अर्धा चेहरा पडला तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचा विकार असतो, पण ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, झटक्यातही असं होऊ शकतं. म्हणून निदान घरी करू नका.

व्यायाम आरशासमोर, पाठ टेकून. ओठांचा चंबू, दात दाखवणं, गाल फुगवणं: प्रत्येकी पाच वेळा, सावकाश, दिवसातून दोनदा. नेहमीची चूक म्हणजे जोर लावणं. मग चांगली बाजूच सगळं ओढून नेते आणि तोंड आणखी वाकडं दिसतं. चांगल्या बाजूच्या गालावर बोट हलकं टेकवून तिला आवरा, आणि दुसरी बाजू थकली की थांबा. फिजिओथेरपिस्टला न विचारता स्नायूंना उत्तेजन देणारं विजेचं यंत्र घेऊ नका. मुंबईत असाल तर बोलण्या-गिळण्याच्या अडचणींसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, पुनर्वसनासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, इथे चौकशी करा.

जेवताना ताठ बसवा, अर्धा चमचा घास, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. चहात बुडवलेला पाव सर्वांत फसवा: पाव गालात अडकतो, चहा आधीच घशात उतरतो आणि ठसका लागतो. प्रत्येक जेवणानंतर पडलेल्या बाजूचा गाल आतून बोटाला ओला रुमाल गुंडाळून पुसा. आवाज घोगरा, ओलसर झाला तर भरवणं थांबवून थेरपिस्टना कळवा.

उजव्या मेंदूचा झटका असेल तर आवाजही सपाट होऊ शकतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग-लोभही कधी ओळखता येत नाही. तेव्हा चेहऱ्यावरून मन जोखू नका. ‘बरं वाटतंय का? दुखतंय का?’ असं शब्दांत विचारा, आणि स्वतःचंही ‘मी रागावलेलो नाही’ असं बोलून सांगा.

काही जणांना क्षुल्लक गोष्टीवर रडू किंवा हसू कोसळतं, मनात तसं काही नसताना. ‘रडू नका’ म्हणून ते आवरत नाही. विषय बदला, सावकाश श्वास घ्यायला लावा, पाहुण्यांना आधीच कल्पना द्या. यावर औषधं आहेत. दिवसातून किती वेळा होतं ते आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.