क्लिपर येतोय, बर्फ किती धरायचा?

अल्बर्टा क्लिपर येतोय म्हटलं की जो तो विचारतो, "किती इंच?" मी आधी किती तास ते काढते.

क्लिपर म्हणजे कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या पूर्वेला, अल्बर्टाच्या बाजूला तयार होणारं कमी दाबाचं क्षेत्र. तिथून ते आग्नेयेकडे, अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या दिशेनं सुसाट निघतं. ताशी 60 किमी वेग सहज असतो. पॅसिफिकची ओल डोंगरांनी आधीच पिळून घेतलेली असते, म्हणून गाठीशी पाणी थोडंच.

रडारवर बर्फाचा पट्टा त्याच्या चालीच्या दिशेनं मोजा. 240 किमी भरला आणि वेग ताशी 60 असला, तर चार तासांत खेळ आटोपला. त्या चार तासांत हवामानाचं संगणकी मॉडेल किती पाणी (म्हणजे बर्फ वितळवला तर भरेल तेवढं) दाखवतं ते बघा. समजा, 3 मिलिमीटर.

खरी फसगत पुढे आहे. पहिल्या हिवाळ्यात मी सरधोपट एकास दहा, म्हणजे एक मिलिमीटर पाण्याला दहा मिलिमीटर बर्फ, धरलं आणि ऐटीत सांगितलं, तीन सेंटिमीटर. सकाळी पट्टी साडेपाच सेंटिमीटरला टेकली! ढगात हवा वर चढते तिथलं तापमान उणे 12 ते उणे 18 अंश असेल, तर चांदण्यांसारखे फाटे फुटलेले कण वाढतात. ते एकमेकांत अडकून पडतात आणि मधे नुसती हवा. अशा वेळी एकास पंधरा, कधी वीसही धरावं. काळ्या हातमोज्यावर कण झेलून बघा: सहा पाकळ्या शाबूत दिसल्या तर आकडा वर न्या, नुसता चुरा दिसला तर वाऱ्यानं कण मोडलेत, थोडा खाली आणा.

रडारवर पट्टा डोक्यावर आणि अंगण कोरडं, असंही होतं. खालची हवा कोरडी असली की बर्फ वाटेतच विरतो. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते) यांत पाच-सहा अंशांचं अंतर असेल, तर सुरुवातीचा काही वेळ हवेलाच पाजण्यात जातो. चारच तासांच्या बर्फात तो वजा करायला विसरू नका.

मार्गाचं म्हणाल तर बर्फ बहुतेक केंद्राच्या उत्तरेला पडतो, आणि पट्टा अरुंद. मार्ग 80 किमी सरकला की तुमच्या वाट्याला नुसता वारा आणि मागून येणारी थंडी. म्हणून मी मॉडेलचे शेवटचे तीन-चार अंदाज शेजारी ठेवते. ते एकाच बाजूला सरकत असतील, तर मीही सरकते. आकडाही एकच देत नाही, "दोन ते पाच सेंटिमीटर" म्हणते. (मागून सरोवरावरून येणारा बर्फ वेगळा, तो यात मिसळू नका.)

बर्फ थांबला की पांढऱ्या रंगाच्या फळीवर मोजायचं, मग नळकांडं उभं दाबून तेवढाच बर्फ घरात आणून वितळवायचा. त्या सकाळी नळकांड्यात पाणी बरोबर 3 मिलिमीटर निघालं होतं. मॉडेल चुकलं नव्हतं, माझा गुणाकार चुकला होता.