ग्राफिक्स कार्ड निवांत, एडिटिंग बेजार: अडलंय कुठे ते आधी शोधा

टाइमलाइन अडखळते, दहा मिनिटांच्या व्हिडिओच्या एक्सपोर्टला तासभर लागतो, आणि टास्क मॅनेजर उघडून पाहावं तर ग्राफिक्स कार्ड ७-८ टक्क्यांवर निवांत बसलेलं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ड्रायव्हरकडे (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) वळतो. काढला, पुन्हा टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, फरक शून्य. ‘कार्ड वापरलंच जात नाही’ ही तक्रार ऐकायला एक असली तरी तिच्या पोटात तीन वेगळी कामं आहेत. त्यातलं कोणतं अडलंय हे न बघता केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

पहिलं काम डिकोडिंगचं: फाइलमध्ये दाबून भरलेल्या व्हिडिओतून एकेक फ्रेम उलगडायची. दुसरं प्रोसेसिंगचं: त्या फ्रेमवर रंगदुरुस्ती, आकारबदल, ब्लर, ट्रान्झिशन चढवायचं. तिसरं एन्कोडिंगचं: तयार फ्रेम पुन्हा एच.२६४ किंवा एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये दाबून फाइल लिहायची. प्रोसेसिंग होतं कार्डाच्या मुख्य कोअर्सवर, कुडा, ओपनसीएल किंवा मेटल या कार्डाकडून गणित करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत. डिकोडिंग आणि एन्कोडिंगसाठी मात्र चिपवर वेगळे छोटे विभाग असतात आणि ते ठरावीक फॉरमॅटच ओळखतात. एनव्हिडियाकडे त्यांची नावं एनव्हीडेक आणि एनव्हेन्क, इंटेलकडे क्विक सिंक, एएमडीकडे व्हीसीएन. म्हणूनच एखादी कॅमेरा फाइल दणकट कार्डावर रडते आणि तीच साध्या लॅपटॉपवर सुरळीत चालते.

आधी मोजा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जाऊन जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) निवडा. वर दिसणारे चार आलेख साधारणपणे थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ डिकोड आणि व्हिडिओ एन्कोड यांचे असतात. एडिटिंगचं प्रोसेसिंग बऱ्याचदा कुडा किंवा कॉम्प्युटच्या खात्यात जमा होतं, थ्रीडीच्या नाही. आलेखाच्या नावावर क्लिक केलं की यादी उघडते, तिथून हवा तो आलेख लावता येतो. ‘हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ चालू असेल तर कुडा यादीतून गायब होतो. तसं झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय हे साधन त्याच्या ‘डीमॉन’ (dmon) पर्यायासह चालवा. त्यात एसएम (मुख्य कोअर्स), एन्क (एन्कोडर) आणि डेक (डिकोडर) हे रकाने सेकंदासेकंदाला दिसतात, आणि हे आकडे जास्त भरवशाचे आहेत.

मग तीन छोट्या चाचण्या घ्या. कॅमेऱ्याची मूळ क्लिप एकही इफेक्ट न लावता टाइमलाइनवर चालवा. प्लेबॅक अडखळतोय, प्रोसेसर (सीपीयू) ९० टक्क्यांवर आणि डिकोडचा आलेख सपाट, असं दिसलं तर दोष डिकोडिंगचा. दुसऱ्या चाचणीला व्हिडिओ नकोच, एक स्थिर फोटो घ्या. त्यावर रंगदुरुस्ती आणि ब्लर लावा आणि आकाराला कीफ्रेम (बदल कुठून कुठे हे सांगणाऱ्या खुणा) देऊन तो हळूहळू मोठा होऊ द्या, म्हणजे प्रत्येक फ्रेम नव्याने मोजावी लागेल. इथे डिकोडिंग जवळपास नाहीच, त्यामुळे अडखळलं तर दोष प्रोसेसिंगचा. तिसरी चाचणी म्हणजे ३० सेकंदांचा तुकडा एच.२६४मध्ये एकदा हार्डवेअर आणि एकदा सॉफ्टवेअर एन्कोडिंगने काढायचा. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला आणि एन्कोडचा आलेख हललाच नाही, तर एन्कोडर वापरात नाही.

डिकोडिंग: बहुतेक भानगडी इथेच

फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि चार गोष्टी टिपून घ्या: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवलीय ते, ४:२:० किंवा ४:२:२ असं लिहिलेलं), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई) आणि फ्रेम रेट मोड. एच.२६४, ४:२:०, ८ बिट असेल तर आजचं कोणतंही कार्ड ती उघडतं. एचईव्हीसी, ४:२:०, १० बिटसुद्धा गेल्या काही वर्षांतल्या कार्डांना जड नाही. गोची ४:२:२ची आहे. अनेक मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२मध्ये चित्रण करतात, आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या जीफोर्स कार्डांचा डिकोडर ४:२:२ ओळखतच नाही. तिथे ४०९० असो नाहीतर ३०६०, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. याउलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसी ४:२:२ १० बिट हार्डवेअरवर उलगडतं. अॅपलच्या एम मालिकेच्या चिपही ते करतात.

म्हणजे ज्याच्याकडे इंटेल प्रोसेसर आणि एनव्हिडिया कार्ड दोन्ही आहेत, त्याने अंगभूत ग्राफिक्स बंद ठेवणं हा चक्क तोटा आहे. वेगळं कार्ड बसवलं की अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ अशा नावाचा पर्याय चालू करा, मग इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसले पाहिजेत. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर मात्र त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, बायोसमध्ये शोधून उपयोग नाही.

प्रीमियर प्रो या एडिटिंग प्रोग्राममध्ये प्रेफरन्सेस, मीडिया इथे हार्डवेअर डिकोडिंगची खूण असते आणि तिच्याखाली इंटेल, एनव्हिडिया अशा वेगळ्या खुणा दिसतात. एचईव्हीसी ४:२:२ फुटेज असेल तर इंटेलची खूण लावलेलीच हवी. बदल लागू व्हायला प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो, हे अनेकजण विसरतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून खूण पुन्हा काढून टाकतात. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग प्रोग्राममध्ये हाच पर्याय प्रेफरन्सेस, सिस्टम, डिकोड ऑप्शन्समध्ये आहे.

फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला तर फाइल बहुधा फोनची किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगची आहे. अशा फाइलमध्ये फ्रेममधलं अंतर बदलतं असतं. आवाज हळूहळू सरकतो, प्लेबॅक झटके देतो आणि दोष विनाकारण कार्डाच्या माथी येतो. ती आधी स्थिर फ्रेम रेटच्या प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदला. हे फॉरमॅट प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवतात, त्यामुळे उलगडायला हलके. किंमत डिस्कवर मोजावी लागते: १०८० ओळी आणि २९.९७ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण १४७ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला सुमारे ६६ जीबी. तेवढी जागा नसेल तर प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे २० जीबीत भागवतं. एडिटिंग प्रॉक्सीवर (मूळ फाइलच्या हलक्या प्रतीवर) करा, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून.

प्रोसेसिंग

प्रीमियरमध्ये फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरल उघडून ‘रेंडरर’ (प्रोसेसिंग कशावर होणार ते ठरवणारं सेटिंग) बघा. तिथे ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल तर ते बदलून कुडा किंवा ओपनसीएल करा, मॅकवर मेटल. हे सेटिंग प्रोजेक्टगणिक असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरून आलेलं प्रोजेक्ट आपल्याबरोबर चुकीचं सेटिंग घेऊन येऊ शकतं. जीपीयूचा पर्याय करडा दिसत असेल किंवा नसेलच, तर ड्रायव्हर फार जुना आहे किंवा कार्ड आधाराबाहेर गेलंय. हेल्प मेनूतला ‘सिस्टम कंपॅटिबिलिटी रिपोर्ट’ ड्रायव्हरच्या अडचणी दाखवतो. रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेस, सिस्टम, मेमरी अँड जीपीयू इथे प्रोसेसिंग मोड आणि जीपीयू दोन्हींवरची ‘ऑटो’ खूण काढा आणि खरं कार्ड स्वतः निवडा.

लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स असतात आणि कोणता प्रोग्राम कुठे चालवायचा हे विंडोज ठरवतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्समध्ये एडिटिंग प्रोग्राम शोधून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर कार्डाची वीज बरीच कापली जाते. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डात, हे मागे वाकून एकदा बघाच. लाज वाटण्यासारखं काही नाही, हे कुणाच्याही हातून होतं.

सेटिंग बरोबर असूनही टाइमलाइनवरची पट्टी लालच राहत असेल तर इफेक्ट तपासा. प्रीमियरच्या इफेक्ट्स पॅनलच्या वरच्या बाजूला तीन चिन्हं आहेत. पहिल्यावर क्लिक केलं की फक्त कार्डावर चालणारे इफेक्ट उरतात. या यादीबाहेरचा एकच इफेक्ट मधे आला तरी फ्रेम कार्डावरून रॅममध्ये उतरते, प्रोसेसरवर घोळते आणि पुन्हा कार्डावर चढते. असे दोन-तीन इफेक्ट ओळीत आलटून-पालटून असतील तर नुसत्या ने-आणीतच वेळ जातो. प्रोसेसरवर चालणारे इफेक्ट शेजारी-शेजारी ठेवा किंवा तेवढा तुकडा आधी रेंडर करून घ्या. मात्र इफेक्टचा क्रम बदलला की दिसणंही बदलू शकतं, तेव्हा फ्रेम पडताळून पाहा.

आता व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा हिशोब. ३८४० × २१६०ची एक फ्रेम, चार चॅनल, प्रत्येकी ३२ बिट, म्हणजे सुमारे १३३ एमबी. १०८०ची हीच फ्रेम ३३ एमबी, ८केची तब्बल ५३१. आणि कार्डावर एकच फ्रेम कधी नसते. प्रत्येक थर, प्रत्येक मधला टप्पा स्वतःची प्रत मागतो, आणि टेम्पोरल नॉइज रिडक्शन (चित्रातला दाणेदारपणा काढणारा इफेक्ट) आजूबाजूच्या फ्रेमही ओढून घेतं. ४ जीबीचं कार्ड ४के टाइमलाइनवर गुडघे टेकतं ते इथे. रिझॉल्व्ह सरळ ‘जीपीयूची मेमरी भरली’ असा संदेश देतं. इतर ठिकाणी सूचना न येता वेग एकदम कोसळतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ आणि ‘शेअर्ड’ वाढत चाललेली दिसली, तर कार्ड रॅमकडून उसनवारी करतंय. आधी ब्राउझर आणि दुसरे जड प्रोग्राम बंद करा, टाइमलाइन एडिटिंगपुरती १०८०वर आणा, नॉइज रिडक्शन शेवटी लावा किंवा कॅशमध्ये रेंडर करून ठेवा. प्लेबॅकचं रिझॉल्यूशन अर्ध्यावर आणलं तरी एक्सपोर्टला पूर्ण आकारच लागतो. म्हणून प्लेबॅक चालतो आणि एक्सपोर्ट मधेच पडतो, असंही घडतं.

एक कोपऱ्यातली शक्यता: कार्ड पूर्ण रुंदीच्या स्लॉटमध्ये नाही. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘बस इंटरफेस’ बघा, पण कार्डावर भार असताना. रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला खालच्या पीसीआय एक्सप्रेस पिढीवर उतरतं आणि १.१ बघून माणूस उगाच घाबरतो.

एक्सपोर्ट

प्रीमियरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग पीसीवर मुख्यतः एच.२६४ आणि एचईव्हीसीच्या वाट्याला येतं. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर काढताना पीसीवर एन्कोडचा आलेख शून्य असणं हा बिघाड नव्हे. ‘व्हीबीआर २ पास’ (व्हिडिओवरून दोनदा फिरून दाबण्याची पद्धत) निवडलं की काम सॉफ्टवेअरकडे जातं, तेव्हा हार्डवेअर हवं असेल तर १ पास ठेवा आणि बिटरेट थोडा वाढवा, कारण त्याच बिटरेटला हार्डवेअरचं चित्र सॉफ्टवेअरपेक्षा थोडं मऊ येऊ शकतं. अनेक कार्डांवर एनव्हेन्क एच.२६४मध्ये ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र घेत नाही. त्यापुढे एचईव्हीसी निवडा. पाठीमागे स्क्रीन रेकॉर्डर चालू असेल तर तोही हाच एन्कोडर वापरतोय, तो बंद करा.

ड्रायव्हरची पाळी आता

कार्ड एनव्हिडियाचं असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण लावा. त्याने भागलं नाही तरच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या जुना ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाकडे वळा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये जुना पुसा, रीस्टार्ट करून नवा टाका, मग इंटरनेट जोडा. इंटरनेट तोडलं नाही तर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. नीट चालणाऱ्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा आणि काम अर्ध्यात असताना नवा टाकू नका. एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही शेवटची ड्रायव्हर मालिका होती. तिथे थांबलेल्या कार्डाला नवी एडिटिंग आवृत्ती ओळखत नसेल तर जुनी आवृत्ती वापरणं किंवा कार्ड बदलणं, एवढेच मार्ग उरतात.

हिरव्या फ्रेम, काळी स्क्रीन

चित्रात हिरवे-जांभळे ठोकळे दिसले तर आधी फक्त हार्डवेअर डिकोडिंग बंद करा. ठोकळे गेले तर दोष डिकोडरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा त्या फाइलमध्ये. तसेच राहिले तर रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’वर नेऊन बघा. तेव्हा गेले तर कार्डाचा ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) काढा आणि तापमान तपासा.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि प्रोग्राम बंद पडतो, तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम नोंदींत ४१०१ क्रमांक शोधा. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर अडकला असं समजून तो नव्याने सुरू करतं. जड इफेक्टला खरोखरच जास्त वेळ लागत असेल तर ही मुदत वाढवता येते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) लोकल मशीनखाली सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, ग्राफिक्सड्रायव्हर्स इथे ‘टीडीआरडिले’ (TdrDelay) नावाची ३२ बिटची डीवर्ड नोंद करून दशमान १० लिहा आणि रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवा. मुदत वाढवूनही काळी स्क्रीन येतच राहिली तर कार्ड खरंच अडकतंय: वीजपुरवठा, कार्डाला जाणाऱ्या पॉवर केबल आणि पंख्यांतली धूळ या क्रमाने बघा.