डिस्क वाचताना संगणक गोठतोय? आधी रॅम तपासा

अख्खी हार्ड डिस्क पहिल्या सेक्टरपासून वाचायला घेतली की थोड्या वेळात लिनक्स मशीन गोठतं किंवा आपसूक रीस्टार्ट होतं. एरवी ब्राउझर, व्हिडिओ सगळं सुरळीत. खापर अर्थातच डिस्कवर फुटतं. पण वाचलेला डेटा लिनक्स मोकळ्या रॅममध्ये, म्हणजे पेज कॅशमध्ये, साठवत जातं. एरवी पडून असलेले रॅमचे कोपरेही मग वापरात येतात आणि तिथला खराब बिट तेव्हा डोकं वर काढतो.

डेटा महत्त्वाचा असेल तर याच मशीनवर बॅकअप घेऊ नका. खराब रॅममधून गेलेली कॉपी बिघडलेली निघू शकते, आणि ते कळतही नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर कॉपी करा.

आता रॅमहून मोठी फाइल घ्या (8 जीबी रॅम असेल तर 15 जीबीची) आणि तिचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेली ओळखखूण; डेटा तोच, तर चेकसमही तोच) तीनदा काढा. फाइल लहान असली तर दुसऱ्या वेळी ती कॅशमधूनच वाचली जाते आणि डिस्कपर्यंत कोणी जातच नाही. खराब सेक्टर लागला तर डिस्क सहसा सरळ एरर देते, मुकाट्याने चुकीचा डेटा देत नाही. म्हणून एरर नाही, पण चेकसम दरवेळी वेगळा, तर संशय रॅमवर.

मग 'डीडी' (dd) या लिनक्सच्या कॉपी करणाऱ्या कमांडने डिस्क दोनदा वाचा: एकदा साधी, एकदा 'आयफ्लॅग' (iflag) या पर्यायाला 'डायरेक्ट' (direct) देऊन, म्हणजे कॅश टाळून. दुसऱ्या वेळी मशीनने तग धरला, तर रॅमवरचा संशय बळावतो. 'ओएफ'मध्ये (of), म्हणजे वाचलेलं कुठे लिहायचं तिथे, मात्र डेव्ह-नलच (/dev/null, आलेलं सगळं टाकून देणारी जागा) हवं; तिथे चुकून दुसऱ्या डिस्कचं नाव गेलं, तर तिच्यावरचा डेटा गेलाच म्हणून समजा.

रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवा. एक चूक दिसली तरी पुरे. लगेच रॅम विकत आणायला धावू नका. आधी बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पुन्हा तपासा. तरीही चुका आल्या, तर रॅमची एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. सगळ्याच स्टिक त्या स्लॉटमध्ये नापास झाल्या, तर स्लॉट बदलून बघा. दोष मदरबोर्डाचा असू शकतो.

मेमटेस्ट स्वच्छ निघाली, तर स्मार्टमधले (SMART, डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 197 आणि 199 या क्रमांकांपुढचे आकडे बघा. 197 शून्याच्या वर असेल, तर डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर आहेत. 199 सहसा केबलचा दोष सांगतो. तो आकडा उतरत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा, डिस्क वाचा आणि वाढला का ते बघा. वाढला, तर डिस्क मदरबोर्डाला जोडणारी साटा केबल बदला.