रिलीज कँडिडेटला ‘प्लस वन’ देण्याआधी

ओपन सोर्स प्रकल्पात ‘आरसी २ (दुसरी रिलीज कँडिडेट) तयार आहे, ७२ तासांत मत द्या.’ असा निरोप आला की बऱ्याच जणांचा हात आपसूक ‘प्लस वन’, म्हणजे होकाराच्या मताकडे जातो. रिलीज काढणारा माणूस ओळखीचा असतो, त्याने दोन शनिवार-रविवार घालवलेले असतात, त्याला कशाला ताटकळत ठेवायचं! पण प्लस वन ही शाबासकी नव्हे, ती साक्ष आहे. ‘हीच फाइल मी उतरवून घेतली, माझ्या मशीनवर सोर्समधून बांधली, चालवून पाहिली’ एवढं म्हणता येत असेल तरच ती द्यावी.

आधी रिलीज कँडिडेट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ती असते नव्या आवृत्तीची, जाहीर करण्याआधी तपासायला दिलेली प्रत. पण शब्द एकच असला तरी प्रत्येक प्रकल्पात त्याचा अर्थ सारखा नसतो. लिनक्स कर्नलमध्ये नवे बदल स्वीकारायच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोनंतर आरसी १ येते, मग साधारण दर रविवारी एक, आणि आरसी ७ किंवा ८ पर्यंत हळूहळू दुरुस्त्या होत जातात. अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत मात्र ज्या फाइलीवर मत घेतलं, तीच फाइल जशीच्या तशी बाहेर जाते. तिथे प्रकल्प समितीच्या सदस्यांची किमान तीन प्लस वन मतं लागतात आणि विरोधापेक्षा होकार जास्त असावा लागतो. मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात. कोडमधल्या बदलावर एकट्याचा व्हेटो चालतो, रिलीजवर चालत नाही. पुढचं सगळं मी या दुसऱ्या पद्धतीला धरून लिहितोय, पण तपासणी कुठेही उपयोगी पडेल.

पहिली पायरी: रिकामं फोल्डर

एक नवं, रिकामं फोल्डर करा आणि त्यात सोर्सचा टारबॉल (सगळ्या सोर्स फाइलींचं एक गाठोडं), त्याच्या सहीची फाइल आणि शा-५१२ चेकसमची (मजकुरावरून काढलेल्या ठशाची) फाइल उतरवा. मतदानाच्या निरोपात टॅग (गिटमध्ये त्या आवृत्तीला दिलेलं नाव) आणि कमिटचा हॅश (त्या बदलाचा ओळखक्रमांक) दिलेला असायला हवा. नसेल तर आधी तो मागून घ्या. गिटमधून, म्हणजे कोडच्या मूळ साठ्यातून, क्लोन करून ‘चालतंय की’ म्हणू नका. लोकांच्या हातात टारबॉल जाणार आहे, तपासायचा तोच.

दुसरी पायरी: चेकसम आणि सही

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही, इतकंच. ज्याने फाइल बदलली, तो शेजारची चेकसमची फाइलही बदलू शकतो. फाइल कोणी तयार केली हे सही सांगते, आणि तेही सही करायची ती चावी खरोखर त्याच माणसाची असेल तर.

जीपीजी या प्रोग्रामने सही तपासली की पडद्यावर दोन गोष्टी दिसतात. आधी ‘गुड सिग्नेचर’, आणि लगेच खाली इशारा, की या चावीवर विश्वासू सही नाही. नवखे इथे घाबरतात, जुनेजाणते इथे दुर्लक्ष करतात. दोन्ही चूक. इशाऱ्याचा अर्थ एवढाच, की गणित बरोबर आहे, पण चावी कोणाची हे तुमच्या मशीनला ठाऊक नाही. ते काम तुमचं. प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरून ‘कीज’ फाइल घ्या आणि चावीचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट पूर्ण जुळवा, शेवटच्या आठ अक्षरांवर भागवू नका. आणि ‘बॅड सिग्नेचर’ आलं तर पुन्हा एकदा उतरवून पाहा. तरी तेच आलं तर पुढची एकही पायरी करायची गरज नाही.

तिसरी पायरी: टारबॉल आणि टॅग शेजारी शेजारी

हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार (बॅकडोअर, गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. घातक कोड चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि त्या फाइली रिपॉझिटरीत उघड्या पडलेल्या होत्या. पण तो कोड बाहेर काढून बिल्डमध्ये घुसवणारी एम४ फाइल (बिल्डच्या तयारीची स्क्रिप्ट) होती फक्त टारबॉलमध्ये. गिट वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. सहीही बरोबर होती, कारण सही करणारा मेंटेनरच (प्रकल्प सांभाळणारा) सामील होता. हे उघडकीला आलं कसं? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि ते मुळाशी गेले म्हणून.

तेव्हा टॅग वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, टारबॉल शेजारी उघडा, आणि दोन्ही फोल्डरांवर रिकर्सिव्ह डिफ (आतल्या सगळ्या फाइलींतले फरक दाखवणारी तुलना) चालवा. काही फरक निघतीलच. ऑटोटूल्स ही बिल्डची साधनं वापरणाऱ्या प्रकल्पात कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉल बनवताना तयार होते, ती गिटमध्ये नसते. अशा प्रत्येक जास्तीच्या फाइलीला ‘तू आलीस कुठून?’ विचारायचं. उत्तर सापडलं नाही तर ते रिलीज काढणाऱ्याला जाहीरपणे विचारायचं. संकोच करू नका. चांगला मेंटेनर अशा प्रश्नाने दुखावत नाही.

चौथी पायरी: कागदपत्रं

कंटाळवाणी, पण दहा मिनिटांची. लायसन्स आणि नोटीस या फाइली आहेत का, बाहेरून घेतलेल्या कोडचे परवाने नोंदवलेत का, सोर्सच्या टारबॉलमध्ये चुकून जार (जावाची बांधलेली फाइल) किंवा दुसरी बांधलेली बायनरी शिरली नाही ना, हे पाहा. सोर्स फाइलींवर परवान्याचं शीर्षक नसेल तर अपाचे रॅट हे साधन ते शोधून देतं. नावाला जागून ते कानाकोपऱ्यात शिरतं.

पाचवी पायरी: बांधून पाहा

रीडमी उघडा आणि त्यात लिहिलंय तेवढंच करा. तुम्हाला माहीत असलेली युक्ती वापरू नका, कारण नव्या माणसाला ती माहीत नसते. शक्यतो स्वच्छ कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या, कोऱ्या वातावरणात) बांधा.

हे मी ठेच लागून शिकलो. एका प्रकल्पाची आरसी माझ्या रोजच्या लॅपटॉपवर सुरळीत बांधली गेली आणि मी प्लस वन देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एकाने कळवलं, की त्याच्याकडे पहिल्याच मिनिटाला ‘फाइल सापडत नाही’ येतंय. एक हेडर (बिल्डला लागणारी कोडची फाइल) टारबॉलमध्ये घ्यायचं राहून गेलं होतं. माझ्याकडे ते जुन्या आवृत्तीच्या इन्स्टॉलमधून उचललं गेलं. मत मागे घेतलं, पण कान लाल व्हायचे ते झालेच.

सहावी पायरी: चालवून पाहा

चाचण्या चालवा, पण तिथेच थांबू नका. प्रकल्पाच्या चाचण्या सीआयवर (बदल झाला की आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) हजारदा चाललेल्या असतात. तुमच्याकडे जे आहे ते सीआयकडे नाही, म्हणजे तुमचा खरा डेटा आणि तुमची तीन वर्षं जुनी कॉन्फिग फाइल. मागच्या आवृत्तीवर डेटा तयार करा, आरसीवर अपग्रेड करा, तो वाचता येतो का पाहा. आवृत्तीचा क्रमांकही छापून बघा. फाइल आहे तशीच जाणार असेल तर तिथे अंतिम क्रमांकच दिसायला हवा, ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘आरसी’ नव्हे.

एखादी चाचणी पडली तर लगेच लाल झेंडा नको. तीच चाचणी मागच्या रिलीजवर चालवा. तिथेही पडत असेल तर तो जुना दोष. नोंद करा आणि पुढे चला. मागे चालत होतं ते आता मोडलं असेल, डेटा जात असेल, सुरक्षेला भोक पडत असेल किंवा परवान्याचा घोळ असेल, तर अडवा. दस्तऐवजातल्या शुद्धलेखनासाठी रिलीज अडवणारे भेटतात. त्यांच्यासारखं करू नका.

सातवी पायरी: मत लिहा

नुसतं ‘प्लस वन’ लिहिलं तर तुम्ही काय पाहिलं ते कोणालाच कळत नाही. असं लिहा:

‘प्लस वन. सही आणि शा-५१२ बरोबर, फिंगरप्रिंट कीज फाइलीशी जुळला. टॅगशी तुलना केली, फरक फक्त तयार होणाऱ्या दोन फाइलींचा. उबंटू २४.०४ आणि जावा १७ वर स्वच्छ कंटेनरमध्ये बिल्ड झाला, चाचण्या पास. मागच्या आवृत्तीवरून अपग्रेड तपासलं. विंडोजवर तपासलेलं नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ते वाचून विंडोजवाला कोणीतरी पुढे येतो. समितीत नसाल तरी मत द्या. ते मोजणीत धरलं जात नाही, पण आर्म प्रोसेसरच्या मशीनवरचा एक प्रामाणिक अहवाल समितीची मतं फिरवू शकतो. मायनस वन, म्हणजे विरोधाचं मत, देताना कारण, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि मागच्या आवृत्तीत तो होता की नाही, हे तिन्ही लिहा. अपाचेत शून्य आणि अपूर्णांकातली मतंही चालतात, म्हणजे ‘मायनस ०.९’ लिहून नाराजी दाखवायची, पण वाट अडवायची नाही.

आरसी २ बाद होऊन आरसी ३ आली तर जुनं मत पुढे चालत नाही. सही, चेकसम, तुलना, बिल्ड पुन्हा करा. हातानं तपासायचं ते मात्र आरसी २ आणि ३ च्या टॅगांमध्ये जे बदललं त्याच्या आसपास ठेवा.

मत मंजूर झालं तरी ते फोल्डर लगेच पुसू नका. अंतिम रिलीज जाहीर झाली की तिथला टारबॉल उतरवा आणि त्याचा शा-५१२ तुमच्याकडच्या फाइलीशी जुळवा. जुळला, की मग खुशाल पुसा.